चिलमीतला खडा

शाळेतल्या नोकरीच्या अर्जात मला काय काय येतं ते लिहायचं होतं. वाचन, लेखन, हिशेब, शिवण असं मी लिहिलं. चिलीम साफ करता येते, हे लिहिलं नाही. लिहायला हवं होतं, असं आज वाटतं. शिवण मला फारसं येत नव्हतं. चिलीम मात्र सोलापूर तालुक्यात माझ्यासारखी कुणी साफ करत नसेल. आणि आज ज्या खुर्चीवर बसून हे लिहिते आहे, तिथवर मला शिवणानं आणलेलं नाही.

आमचं घर सोलापूरच्या वेशीबाहेर, अक्कलकोटच्या रस्त्याला. दोन खोल्या, आणि त्यांच्यापेक्षा मोठा मेंढरांचा वाडगा. गिरणीचा भोंगा आमच्यापर्यंत ऐकू यायचा, पण गिरणीत आमचं कुणी नव्हतं. वडिलांना मी आप्पा म्हणायची. ते मेंढरं राखायचे, लोकर कातायचे, बाजारात घोंगड्या विकायचे. आई अक्कलकोटच्या पलीकडची. तिला मी अव्वा म्हणायची. अव्वा माझ्याशी मराठी बोलायची आणि मेंढरांशी कानडी. रागावली की माझ्याशीही कानडीच.

आप्पांची चिलीम साफ करायचं काम मी सहा-सात वर्षांची असल्यापासून माझ्याकडे होतं. शाळेतल्या माझ्या सोबतच्या मास्तरणींनी चिलीम लांबूनच पाहिलेली असते, आणि तीही नाक मुरडून, म्हणून सांगते. वीतभर लांब मातीची नळी, वर रुंद, खाली निमुळती. रुंद तोंडात तंबाखू दाबायची आणि तिच्यावर इंगळ, म्हणजे फुललेला निखारा, ठेवायचा. तंबाखू घसरून ओढणाऱ्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून नळीत मध्येच एक खडा अडकवलेला असतो. त्याच्या कडेकडेनं धूर खाली येतो, इंगळ येत नाही. निमुळत्या टोकाला ओलं फडकं गुंडाळतात, ती छापी. छापी मुठीत धरायची आणि मुठीतून ओढायचं, चिलमीला ओठ लावायचे नाहीत. म्हणून तर एक चिलीम दहा जणांत फिरते.

रोज सकाळी चिलमीतला जळका गुल झटकायचा. खालून काडी घालून खडा वर ढकलून काढायचा. मग तरवडाची काडी नळीतून फिरवायची. काडीला चिकटून जे काळं, चिकट बाहेर येतं ते कीट. त्याचा वास दिवसभर बोटांना राहतो. अव्वा ते करवंटीत जमवून ठेवायची, मेंढराच्या जखमेत अळ्या पडल्या की लावायला. आठवड्यातून एकदा चिलीम भाजायची. चुलीतले इंगळ पुढं ओढून त्यांत ती आडवी ठेवली की आतलं उरलंसुरलं कीट पेट घेतं. धूर थांबेस्तोवर थांबायचं, आणि मग ती राखेतच गार होऊ द्यायची. पाण्यात टाकली की तडकते. मी एकदा टाकली होती. आप्पा रागावले नाहीत, कुंभाराकडून दुसरी घेऊन आले. अव्वा मात्र दोन दिवस माझ्याशी कानडीत बोलली.

खड्याचं काम सगळ्यांत किचकट. अंगणातला कुठलाही खडा उचलून चालत नाही. वरून कोरडा दिसतो, पण पोटात ओल धरून असतो, आणि इंगळाखाली फुटतो. म्हणून खडा निवडला की तो आधी आठ दिवस चुलीच्या गरम राखेत पुरून ठेवायचा. मग इंगळात भाजून बघायचा. त्यातून टिकला तर विटेवर घासून चिलमीच्या मापाचा करायचा. हे मला अव्वानं शिकवलं, अव्वाला तिच्या आईनं. आमच्याकडे ओढणारे सगळे पुरुष आणि साफ करणाऱ्या सगळ्या बायका. चाळीस-चाळीस वर्षं चिलीम ओढलेल्या माणसाला आपला खडा का फुटत नाही, हे ठाऊक नसायचं. त्यांनी कधी विचारलंही नाही.

माझं लग्न कधी झालं ते मला आठवत नाही. मी म्हणे मामाच्या कडेवर झोपले होते. पंधरा वर्षांची झाल्यावर सासरी गेले. सासर अक्कलकोटच्या बाजूला, एका खेड्यात. नवरा मेंढरांमागे आठ-आठ महिने बाहेर असायचा. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. तो तिथं नव्हताच. घरात सत्ता सासऱ्याची. शाळेत मी मुलींना शिकवते की वडीलधाऱ्यांबद्दल बोलताना मानानं बोलावं. या माणसाबद्दल मी तसं बोलणार नाही. एवढी सूट मी स्वतःला दिलेली आहे.

मला चिलमीचं काम येतं हे कळल्यावर सासऱ्यानं आपली चिलीम माझ्याकडे सोपवली. चांगली ओढली गेली तर तंबाखू चांगली. नीट ओढली गेली नाही तर मी वाईट. पहिल्यांदा त्यानं पेटलेली चिलीम माझ्या हातावर उलटी केली तेव्हा चुकून झालं असेल, असं मला वाटलं. दुसऱ्यांदा त्यानं माझं मनगट धरून ठेवलं. तिसऱ्यांदा धरून ठेवलं आणि मोजून उचलावी तशी सावकाश उचलली. त्या दिवशी मी पाण्याला म्हणून निघाले, घागर विहिरीच्या काठावर ठेवली आणि चालायला लागले. दिवस मावळायच्या आत आप्पांच्या दारात होते. अठरावं वर्ष चालू होतं मला.

हात मी आप्पांना दाखवला नाही. आमच्यात चोरी केलेल्या बाईला डाग देत. डाग बघितला की लोक आधी विचारत, हिनं काय केलं. अव्वानं अंघोळीच्या वेळी पाहिला, त्यावर लोणी लावलं, आणि मला पदराखालून हात बाहेर काढू नकोस असं सांगितलं. आप्पांना एवढंच कळलं की पोरीला सासरी त्रास आहे. तो कुठल्या पोरीला नसतो, असं समजणाऱ्यांतले ते होते. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला तसंच वाटायचं.

दोन महिन्यांनी सासरा पाच पंच घेऊन आला. निवाडा काय होणार ते सगळ्यांना आधीच माहीत होतं. पोरगी परत पाठवा, नाहीतर चिलीम बंद. चिलीम बंद म्हणजे भावकीतलं कुणी आप्पांबरोबर बसणार नाही, त्यांची चिलीम घेणार नाही, आपली देणार नाही. लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मेंढरं घेऊन लांब चारणीला जाताना सोबत नाही. चार घरं मिळून जातात तेव्हा कुठं रात्री आलटूनपालटून डोळा लागतो. एकट्या माणसाच्या कळपाला लांडगेही गाठतात आणि चोरही.

आमच्या भावकीत अशा भांडणाचा शेवट चिलमीनं व्हायचा. दोन्ही घरांच्या चिलमी त्या पोरीच्या हातात देत. तिनं त्या साफ करायच्या, खडा बसवून भरायच्या, इंगळ ठेवायचा, आणि बाहेर आणून बापाची चिलीम सासऱ्याच्या हातात, सासऱ्याची बापाच्या हातात द्यायची. दोघांनी एकेक झुरका घेतला की मिटलं. तुला जायचंय का, असं पोरीला तोंडानं कुणी विचारत नसे. तिनं चिलीम भरून दिली, हाच तिचा होकार धरत. नाही म्हटल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

सकाळची वेळ होती. मंडळी अंगणातल्या हिवराच्या झाडाखाली बसली होती. सासऱ्याची चिलीम हातात घेतल्याबरोबर मी ओळखली. तीच होती. मी निघून आल्यापासून तिला कुणी धड हात लावलेला दिसत नव्हता. कीट इतकं साचलं होतं की काडी आत जाईना. मी ती भाजली, राखेत निवू दिली, पुसली. वाटलं असतं तर तशीच घाणेरडी बाहेर नेऊन ठेवली असती. पण काम अर्धवट करायचा माझा स्वभाव नाही, आणि त्या माणसासाठी तो बदलायची माझी तयारी नव्हती.

मग दोन्ही खडे माझ्या तळहातावर होते, एक आप्पांचा, एक त्याचा. आता बसवायचे, एवढंच राहिलं होतं. मी मूठ मिटली. काही मोठा विचार केला असं नाही. हात उघडेना, एवढं खरं. मी तशीच बाहेर गेले आणि दोन्ही चिलमी, रिकाम्या, पंचांपुढं ठेवल्या.

पंचांत एक म्हातारे होते, त्यांचा शब्द शेवटचा असायचा. त्यांनी चिलीम उचलून एका टोकातून आभाळाकडे पाहिलं.

"भरली न्हाय व्हय?" ते म्हणाले.

"न्हाय."

"खडं कुटं हायती?"

"माज्याकडं हायती."

"मग घाल की."

"न्हाय घालत," मी म्हणाले. "मला जायाचं न्हाय."

सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पा जमिनीकडे बघत होते. सासरा हसला. खड्यावाचून कुणाचं अडत नाही, असं काहीतरी म्हणाला, आणि बसल्या जागी हात लांब करून अंगणातला एक खडा उचलला. धोतराला पुसला, आपल्या चिलमीत टाकला, चंचीतली तंबाखू स्वतःच दाबली. जन्मात पहिल्यांदा त्यानं आपली चिलीम आपल्या हातानं भरली असेल. मग त्यानं इंगळ मागितला.

इंगळ मी आणून दिला. चिमट्यात धरून, चांगला फुललेला, नीट बघून. तो खडा फुटणार हे मला माहीत होतं. पाच पंच, आप्पा आणि तो, सात पुरुषांत हे एकालाही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही, आणि त्याची मला आजतागायत खंत वाटलेली नाही.

पहिला झुरका त्यानं माझ्याकडे बघत घेतला. दुसराही. तिसऱ्याला चिलमीत फटकन आवाज झाला, आणि इंगळ, तंबाखू, खड्याच्या कपच्या सगळं वर उडून त्याच्या मांडीवर आलं. तो उठून नाचायला लागला. एक पंच हसला आणि मग खोकल्यासारखं करायला लागला. सासऱ्यानं धोतर झटकलं, हिनंच काहीतरी केलं असं ओरडला, आणि माझं मनगट धरलं. तोच हात, तसाच धरलेला.

खाली पडलेली चिलीम मी दुसऱ्या हातानं उचलली. पदर मागं सारला आणि चिलीम उलटी करून धरलेल्या हातावर ठेवली. पहिल्या डागावर. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. तिचं तोंड आणि डाग बरोबर जुळत होते. तिथं बसलेल्या प्रत्येकाला चिलमीचं तोंड अंगठ्यानं ओळखता येत होतं. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती, तरी मी सांगितलं.

"चिलीम तुंबली हुती म्हणून ह्यो," मी म्हणाले. "तंबाखू ओली हुती म्हणून ह्यो. आन ह्यो कशापायी, त्ये मला बी ठावं न्हाय. ह्यास्नी इचारा."

त्यानं हात सोडला. दारात उभी असलेली अव्वा बोलली, कानडीत, आणि ती माझ्यावर रागावलेली नव्हती. "ब्याड अंद्र ब्याड," ती म्हणाली. नको म्हणजे नको.

आता गोष्ट इथं संपावी असं मलाही वाटतं. डाग बघून पंचांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी सासऱ्याला दंड केला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. म्हातारे पंच म्हणाले की झालं ते बरं झालं नाही. सासऱ्यालाही चार शब्द सुनावले, पुन्हा हात लावू नको म्हणाले. आणि मग म्हणाले की चुलीपुढं बाईचा हात भाजतच असतो, पोरीनं आपल्या घरी जावं, चिलमी भराव्यात, दुपार व्हायला आली. त्यांनी आप्पांना बोला म्हटलं.

इतका वेळ माझ्यात जे बळ होतं ते सगळं हात दाखवण्यात गेलं होतं. आप्पांनी एकदा म्हटलं असतं, पोरी, भर, तर मी भरली असती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आप्पा उठले. माझ्या हाताकडे त्यांनी पाहिलं नाही, बघवलं नसावं. पंचांपुढची आपली रिकामी चिलीम त्यांनी उचलली आणि कनवटीला खोचली.

"माजी चिलीम बंद करा," ते म्हणाले, आणि मेंढरं सोडायला वाडग्याकडे गेले.

पंच उठून गेले. सासरा गेला. अंगणात खड्याच्या कपच्या पडल्या होत्या, त्या अव्वानं झाडून टाकल्या.

पुढची वर्षं सोपी गेली नाहीत. आप्पा एकटे चारणीला जायला लागले. पहिल्याच वर्षी कळपातली निम्मी मेंढरं गेली. काही लांडग्यांनी नेली, काही माणसांनी. धाकट्या मामाच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही, म्हणजे अव्वाच्या सख्ख्या भावाच्या. ती त्या दिवशी दिवसभर मेंढरांशीही बोलली नाही. मी सकाळी चिलीम साफ करून द्यायची आणि आप्पा हिवराखाली एकटे बसून ओढायचे. चिलीम एकट्यानं ओढायची वस्तू नाही. एक माणूस ओढतो तोवर दुसरा दम घेतो, तिसरा बोलतो. एकट्याच्या हातात ती मध्येच विझते. आप्पांची रोज विझायची. ते पुन्हा इंगळ मागायचे, मी नेऊन द्यायची, आणि मला इतका राग यायचा की हातातला चिमटा फेकून द्यावासा वाटायचा. आप्पांचा नाही. त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेचा.

याच काळात शहरातल्या मुलींच्या शाळेत मला काम मिळालं. पोरींना घरोघरून गोळा करून शाळेत आणायचं आणि संध्याकाळी पोचवायचं. नवी पेठेतल्या गर्दीतून वीस पोरींची रांग नेणं हे मेंढरं नेण्याहून अवघड. मेंढरं दुकानातल्या बांगड्या बघत उभी राहत नाहीत. शाळा भरली की मी पहिलीच्या वर्गात मागं भिंतीला टेकून बसायची. बाराखडी मला सहा वर्षांच्या पोरींबरोबर आली. त्यातल्या काही मला हसायच्या. मीही त्यांना हसायची, कारण पाढे मला त्यांच्या आधी आले. पुढं मी फायनलची परीक्षा पास झाले आणि त्याच शाळेत मास्तरीण झाले, तो अर्ज मी वर सांगितलाच आहे.

मास्तरीण झाल्याची बातमी भावकीत पोचली, आणि थोड्याच दिवसांत ते म्हातारे पंच आमच्या अंगणात आले. एकटेच. खाली बसले, इकडचं तिकडचं बोलले. नवऱ्यानं केव्हाच दुसरी केली होती, त्यामुळे मला परत पाठवायचा प्रश्न उरला नव्हता. पंचांनी ठरवलं होतं की आप्पांची चिलीम सुरू करावी. त्यासाठी एवढंच करायचं, की येत्या बैठकीला मी यायचं, एक चिलीम साफ करून भरायची, आणि खाली मान घालून पंचांच्या हातात द्यायची. बाकी काही नाही. माफीचा शब्दसुद्धा बोलायला नको.

मी आप्पांकडे पाहिलं. ते फार थकले होते. गुडघे सुजायचे, मेंढरं पंधरा-वीस उरली होती. एक चिलीम भरायची. आयुष्यात हजारो भरल्या होत्या. माझ्या शाळेला, माझ्या पगाराला, कशालाच धक्का लागणार नव्हता. मान खाली घालायला मला किती जड जाईल ते मला माहीत होतं. पण माझ्या मानेपायी आप्पांनी इतकी वर्षं एकट्यानं काढली होती, हेही मला माहीत होतं. मी म्हणाले, "मी जाते आप्पा. भरते."

आप्पांनी कनवटीची चिलीम काढून माझ्या हातात दिली. मला वाटलं, बरं झालं, ते तयार आहेत. सकाळीच साफ केलेली होती. मी खडा बसवला, तंबाखू दाबली, इंगळ ठेवला, छापी पिळून गुंडाळली आणि त्यांना आणून दिली. त्यांनी सावकाश एक झुरका घेतला. मग चिलीम माझ्यापुढं धरली.

"ओढ," ते म्हणाले.

आमच्यात बाई तंबाखू खायची, मिसरी लावायची. चिलमीच्या बैठकीत बाई कधी बसली नव्हती. म्हातारे पंच तिथंच बसलेत याची मी आप्पांना डोळ्यांनी आठवण करून दिली. त्यांनी हात मागं घेतला नाही.

मी त्यांच्या शेजारी बसले, छापी मुठीत धरली आणि ओढली. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, छाती भाजून निघाली. इतकी वर्षं साफ केली, पण आत काय असतं ते तेव्हा कळलं. काही चांगलं नसतं.

"पाव्हणं," आप्पा पंचांना म्हणाले, "जाऊन सांगा, आमची चिलीम चालू हाय."

माझ्या पलीकडे म्हातारे बसले होते आणि त्यांच्या पलीकडे, उंबऱ्यावर, अव्वा. चिलीम माझ्या हातात होती आणि आता ती पुढं जायची होती. जन्मभराच्या सवयीनं म्हाताऱ्यांचा हात आपोआप पुढं आला. मी त्या हाताकडे बघितलं. मग उठले, त्यांना वळसा घालून उंबऱ्यापर्यंत गेले आणि चिलीम अव्वाच्या हातात दिली.